सासऱ्यांचा माफीचा शनिवार

अख्ख्या वणी तालुक्याने मिळून जेवढ्या चुका केल्या नसतील, तेवढ्या माफ्या माझ्या सासऱ्यांनी एकट्याने मागितल्या आहेत. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं डंपर चालवलेला हा दणकट माणूस. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी वाटून खायचा विधी, असतो, आणि मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. बाकीचे आम्ही डोळे मिटून देवाला ‘क्षमा कर’ म्हणतो आणि मोकळे होतो. मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, तेवढ्याने भागत नाही. आदल्या शनिवारी सकाळी आंघोळ उरकून ते घरोघर फिरतात आणि ज्याला कशाचा पत्ताही नसतो, त्याला त्याचा अपमान नीट समजावून सांगून मग माफी मागतात. “जवाईबुवा, मंगयवारी तुमी दुपारी झोपले होते, तवा मी तुमाले मनात लोळनारी म्हैस म्हनलो. माफ करा.” मी काय करणार? केलं माफ. ‘तुमचं गाणं सुरू झालं की मी खिडकी लावून घेतो,’ अशी कबुली त्यांनी शेजारच्या गुरुजींना दिली, तर गुरुजी महिनाभर बोलले नाहीत. सासूबाई म्हणतात, “हे माफी मागून राह्यले का भांडन उकरून राह्यले, तेच समजत नाही मले!”

लग्नाआधी त्यांनी मला सहा रविवार समोर बसवून नवरेपणाची शिकवणी दिली. मला वाटलं, उपदेश ऐकायचा आणि घरी जायचं. त्यांनी पुढ्यात मेथीच्या जुड्या टाकल्या. “शास्त्रात नवऱ्याले बायकोचं मस्तक म्हनलं हाय. पन मस्तक व्हाचं असन, तं आधी खाली वाकाले शिका. निवडा.” सासूबाईंपुढे ते हार मानतात, हे मी रोज पाहतो, आणि त्याने त्यांची उंची इंचभरही कमी झालेली नाही.

एक माफी मात्र अडली होती. माझ्या मेहुण्याला त्यांनी खटपट करून खाणीत चिकटवलं होतं. त्याने ती नोकरी सोडून पुसदला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा मामाजी सगळ्यांदेखत म्हणाले, “तू माहा पोरगा नाही.” पोरगा गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर सहा वर्षं, भाकरीचं ताट पुढे आलं की मामाजी ते हात न लावता माझ्याकडे सरकवत. विचारलं तर म्हणत, “पित्त झालं.” सहा वर्षांचं पित्त! गावातल्या बापांना शहाणपण शिकवणारा हा माणूस स्वतःच्या पोरापुढे जायला भीत होता. सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

गेल्या वर्षी मेहुण्याच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. निरोप फक्त सासूबाईंना आला. मामाजी इस्त्रीचा सदरा घालून, न बोलावता गाडीत येऊन बसले. पुसदला चर्चच्या दारात मेहुणा बाळाला घेऊन उभा होता. मामाजी त्याच्यापुढे थांबले आणि सवयीप्रमाणे त्यांनी यादीच सुरू केली. “तुले पोरगा नाही म्हनलो, ते चुकलं. तुहं दुकान चालनार नाही, असं गावभर सांगत फिरलो, तेबी चुकलं.” हे दुसरं मेहुण्याला ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा ताठ झाला. सासूबाईंनी मागून सदरा ओढला, पण मामाजी थांबेनात. “आन दाताच्या डाक्टरकडे जातो म्हनून मी तीनदा पुसदले आलतो. रस्त्यापल्याड उभा राह्यलो. तू दुकानात मान खाली घालून काम करून राह्यलता. मले आत येनं झालं नाही. त्याची माफी.”

मेहुण्याने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, “तीनदा? एक आवाज तं द्याचा होता, बाबा!” आणि बाळ त्यांच्या हातात देऊन ढसाढसा रडला.

मी बाजूला उभा होतो. माझी मुलगी आता दहावीत आहे. तिच्या वहीतली चित्रं मी एकदा रागाच्या भरात फाडली होती. घरी पोचल्या पोचल्या तिची माफी मागायची, असं मी तिथेच ठरवलं. वर्ष होत आलं. मला अजून जमलेलं नाही.