कलम चौदा आणि सुलभाकाकूंचा गणपती

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी तो चहाचा कप खाली ठेवा. पस्तीस माणसांदेखत, भर दुपारी, मी माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. आणि याचं खापर कुणावर फोडायचं? अमेरिकेवर!

त्याचं असं झालं, आमची ईरा इथं इंग्लंडात यीअर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे आपली अकरावी-बारावी समजा. तिनं इतिहास घेतलाय. निबंधाचा विषय होता अमेरिकेतले सुरुवातीचे राजकीय पक्ष. मी म्हटलं, "मी शिकवतो." मी आयटीतला माणूस, पण बापाला एखादा विषय येत नाही असं कधी असतं का? तिचंच पुस्तक आदल्या दिवशी चोरून वाचलं.

गोष्ट मात्र भारी आहे हो! देश नवा, राज्यघटना नवी, आणि पहिल्याच मंत्रिमंडळात दोघांची जुंपली. अर्थमंत्री म्हणाला, राष्ट्रीय बँक काढू. परराष्ट्रमंत्री म्हणाला, घटनेत बँक कुठे लिहिलीय ते दाखव. अर्थमंत्री म्हणाला, कामासाठी 'आवश्यक आणि योग्य' ते करा असं लिहिलंय की! दुसरा म्हणाला, आवश्यक म्हणजे ज्याच्यावाचून अडतं ते, तुझ्या सोयीचं ते नव्हे. झालं! पहिल्याच्या मागे गेले ते फेडरलिस्ट, दुसऱ्याच्या मागे गेले ते रिपब्लिकन. आत्ताचे ते नव्हेत, हे वेगळे.

मी तत्काळ रिपब्लिकन झालो. घटनेत लिहिलंय तेवढंच, अक्षर न् अक्षर! ईरा फेडरलिस्ट. आठवडाभर आमच्याकडे वरणभातावर घटना चालली होती.

"बाबा, तुझी पॉइंट फारच नॅरो आहे."

"तुझा पॉइंट."

"व्याकरण सोड, उत्तर दे ना!"

सतरा वर्षांची पोर रोज मला हरवत होती. आणि माझी बायको मुग्धा पोळी वाढता वाढता म्हणायची, "अरे, सोड ना. तिचा निबंध आहे, तुझा नाही." पण सोडेल तो मी कसला!

अशात सुलभाकाकूंचा फोन आला. काकू म्हणजे आमच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळाच्या आई. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आल्या. मंडळाचा पहिला गणपती त्यांच्या बैठकीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर चादर घालून बसला होता. ईरा झाली तेव्हा आमचं इथं कुणीही नव्हतं, तर डिंकाचे लाडू घेऊन त्याच आल्या होत्या. मार्चमध्ये पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या केअर होममध्ये आहेत.

"यंदा मला हॉलवर यायला नाही जमायचं रे," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांतला एक दिवस बाप्पाला इकडे आणाल का? एकच आरती."

आता कुठलाही शहाणा माणूस "हो काकू" म्हणाला असता. मी म्हणालो, "काकू, सभेपुढे ठेवतो."

खरं सांगतो, मूर्ती त्यांच्याकडे जावी असं मलाही मनापासून वाटत होतं. पण डोक्यात रिपब्लिकन शिरला होता ना! मी मंडळाची घटना उघडली. कॉम्प्युटरवर 'आयडॉल' शोधलं, काही नाही. 'आउटसाइड' शोधलं आणि सापडलं कलम चौदा: 'मंडळाच्या मालकीची कोणतीही वस्तू आवाराबाहेर नेता येणार नाही.' वा! मी ठरवलं, सभेत आधी कडक आक्षेप घ्यायचा, पोरीला घटना कशी वाचतात ते दाखवायचं, आणि शेवटी आपणच दिलदारपणे घटनादुरुस्ती सुचवून टाळ्या घ्यायच्या.

मी व्हॉट्सॲपवर कलम चौदा टाकलं मात्र, मंडळ उभं चिरलं! अकरा जण माझ्या बाजूनं, "नियम म्हणजे नियम." बाकीचे मुग्धाच्या बाजूनं, "उत्सव करायचा तर काकूंकडे नेणं आवश्यकच आहे." मला विरोधी पक्षाच्या हातचा चहा मिळेनासा झाला.

रविवारी दुपारी हॉलवर सभा भरली. अध्यक्ष बापटकाका. मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. अमेरिकेपासून सुरुवात केली. "आज आपण एक शब्द वाकवला," मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "तर उद्या घटना उरणार नाही!" माझ्या अकरांनी टाळ्या वाजवल्या.

मग ईरा उठली.

"बापटआजोबा, मी बोलू? बाबा, कलम चौदा अक्षरशः वाचायचा, तर सगळेच कलम तसेच वाचायला पाहिजे. बरोबर?"

"अर्थातच!" मी म्हणालो. तो 'अर्थातच' अजून कानात वाजतो माझ्या.

तिनं फोन वर धरला. "कलम सहा. मंडळाची पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुवावी. बाबा, आपला टाकी कुठे आहे?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"कलम नऊ. मंडळाच्या लिफ्टमधून सायकली नेऊ नयेत. कलम अकरा. मंडळाच्या गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायच्या तर अध्यक्षांची परवानगी घ्यावी."

"माझी?" बापटकाका दुखावल्या आवाजात म्हणाले. "मला तर कुणी कधी विचारलंच नाही!"

आणि तेवढ्यात मला आठवलं. बारा वर्षांपूर्वी हॉल भाड्यानं घ्यायला मंडळाची लेखी घटना हवी होती, तीही दुसऱ्या दिवशी. माझा थोरला भाऊ कोथरूडात हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी. त्यानं त्यांची इंग्रजी नियमावली ईमेल केली. मी 'सोसायटी' काढून सगळीकडे 'मंडळ' घातलं, प्रिंट काढली, आणि सगळ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. पुण्याचा माणूस घटना लिहितो म्हटल्यावर वाचतंय कोण?

"कलम तीन," ईरा म्हणाली. "सभासद म्हणजे फ्लॅटचा मालक. भाडेकरूला मत नाही, पद नाही, आणि त्यानं सभेत बोलू नये."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मंडळात यच्चयावत सगळ्यांनी घरं घेतलीत. एकच शहाणा किमती उतरायची वाट बघत बारा वर्षं थांबलाय. आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तोच सल्ला मी प्रत्येकाला दिलाय. सुदैवानं त्यांच्या, कुणी ऐकला नाही.

मुग्धानं शांतपणे हात वर केला. "अध्यक्ष महाराज, आम्ही भाड्यानं राहतो."

"हे बघा," मी घाईघाईनं उठलो, "असा शब्दशः अर्थ घेऊन कसं चालेल? घटनेमागचा हेतू बघा ना!"

हॉल जो हसत सुटला! माझे अकरासुद्धा.

"बाबा, वेलकम टू द फेडरलिस्ट्स!" ईरा म्हणाली. "तुझ्या पार्टीच्या लीडरनं पण हेच केलं. राष्ट्राध्यक्ष झाला आणि फ्रेंचांकडून केवढा मोठा प्रदेश विकत घेतला. घटनेत जमीन घ्यायचं कुठे होतं?"

"अगं, मग तूही भाडेकरूचीच मुलगी! तुलाही बोलता येत नाही!"

"पण मी पहिल्यापासून फेडरलिस्ट आहे. मला चालतं."

बापटकाकांनी मत घेतलं. बाप्पाला काकूंकडे न्यायचा ठराव एकमतानं मंजूर. मी हात वर केला होता, पण तो मोजला नाही.

केअर होमच्या दिवाणखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीस माणसं! फेडरलिस्ट जिंकले म्हणून आले, आणि माझे अकरा आपण दगडाच्या काळजाचे नाही हे दाखवायला सहकुटुंब आले. व्हीलचेअरवरचे एक गोरे आजोबा झांजा वाजवत होते, कुठल्याही तालात न बसणाऱ्या. काकू मोतिया रंगाची साडी नेसून अगदी पुढे बसल्या होत्या, आणि आरती म्हणताना त्यांचे डोळे वाहत होते. मी दारापाशी उभा होतो. लाज वाटत होती हो, दुसरं काय?

आरती झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू विरोध केलास म्हणे?"

"काकू, चुकलं माझं. तत्त्वाच्या नादात..."

"गप रे. मार्चपासून इथं आहे मी. मंडळातले चार जण भेटायला आले. तू त्यातला एक. आणि आज बघ, बसायला खुर्ची नाही!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तू मुकाट्यानं हो म्हणाला असतास, तर दोघं-तिघं येऊन आरती उरकून गेली असती."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसलो.

"आता दिवाळीला मला इथं फराळ करायचाय," काकू हळूच म्हणाल्या. "तेव्हाही असाच कडाडून विरोध कर हं."

"पण काकू, मला आता मतच राहिलं नाही!"

"मत कशाला हवंय? तू नुसतं बोलायला उभा राहा. बाकीचे आपोआप उलट बाजूला जातात."