‘जी’ म्हणणारे पेशंट

माझ्या वहिनींनी मला जितके आजार दिले, तितके देवानेही दिले नसतील. वहिनी लखनौच्या एका मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होत्या आणि नव्या डॉक्टरांना शिकवायच्या. त्यातली थोडी शिकवणी रविवारी सकाळी आमच्या इंदिरा नगरच्या घरी चाले. मी रेल्वेतला इंजिनिअर, नोकरी मानक नगरला, डब्यांच्या स्प्रिंगा तपासायची, लग्न व्हायचं होतं. शिकवणीसाठी दिवाणावर खोटा पेशंट होऊन पडायला माझ्याइतका रिकामा माणूस घरात दुसरा नव्हता. पुतणी मराठी ऐकायची आणि हिंदीत बोलायची. उठल्याउठल्या विचारायची, “काका, आज आपको क्या हुआ है?”

वहिनींचा एक नियम होता. पेशंटला त्याचं नाव ऐकवायचं नाही, विचारायचं. ‘आप फलाने हैं न?’ हे बंद. ‘आपका नाम बताइए,’ आणि मगच सुईला हात. मला याची गंमत वाटे.

“वहिनी, स्वतःचं नाव कोण चुकणार?”

“भाऊजी, हे लखनौ आहे,” त्या पोहे परतत म्हणाल्या. “आपल्या साताऱ्याचा माणूस आधी भांडेल. इथला माणूस डॉक्टरचा शब्द खाली पडू देत नाही.”

दुसरा नियम त्याहून अवघड. चूक झालीच, तर ती पेशंटला आपण स्वतः सांगायची, आणि त्याच दिवशी. कोर्टाची भीती वाटली तरी. यावर नवे डॉक्टर जोरात माना डोलवत आणि पोह्यांकडे बघत.

मग एकदा माझं पोट खरोखरच दुखायला लागलं. घरात कुणाचा विश्वास बसेना. दादा म्हणाला, “आज रविवार नाहीये.” शेवटी अपेंडिक्स निघालं, ते काढलं, आणि मी वहिनींच्याच रुग्णालयात टाके सांभाळत पडलो.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. पांढरी दाढी, दम्याचा त्रास, आणि बोलणं असं की पाणी मागितलं तरी आपणच उपकृत झाल्यासारखं वाटावं. समोरच्या खाटेवरच्या माणसाचं दुपारी ऑपरेशन होतं. त्याला आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला एक नवी डॉक्टर आली. रविवारी आमच्याकडे येणाऱ्यांतलीच. त्या दिवशी तिच्यावर दोन वॉर्डांचं काम होतं. ती घाईघाईत पोस्टमास्तरांपाशी थांबली आणि समोरच्याचं नाव घेऊन म्हणाली, “आप ही हैं न?”

“जी,” पोस्टमास्तर म्हणाले आणि बाही वर केली. मी तेव्हा डोळे मिटून कण्हत होतो. ‘जी’ ऐकलं, पण नाव कुणाचं हे मला तरी कुठे ठाऊक.

थोड्या वेळाने समोरच्या माणसाला न्यायला स्ट्रेचर आलं, तर तो टक्क जागा, चहा मागतोय. आणि पोस्टमास्तर गाढ झोपलेले. त्या नव्या डॉक्टर पोरीला चूक कळली. दम्याच्या माणसाला ते औषध म्हणजे श्वासाशी खेळ होता. तिने आधी वहिनींना बोलावलं, हे तिचं शहाणपण.

वहिनी आल्या. ऑक्सिजन लावला, स्टूल ओढलं आणि पोस्टमास्तरांच्या छातीकडे बघत बसल्या. पोरगी पलीकडून नाडी धरून. मी आयुष्यभर रेल्वेच्या स्प्रिंगा दाबल्या जाताना बघितल्यात, पण एका म्हाताऱ्या माणसाची छाती वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, याकडे कुणी असं बघताना पाहिलं नव्हतं. घरी माझ्या ताटात दुसऱ्यांदा वरण वाढणाऱ्या बाई त्या याच, हे मला पटेना.

संध्याकाळी पोस्टमास्तर जागे झाले. श्वास ठीक होता. तेवढ्यात त्यांचा मुलगा आला, अंगात काळा कोट. कोर्टातून थेट. वकील.

वॉर्डातले वरिष्ठ डॉक्टर वहिनींना बाजूला घेऊन, म्हणजे नेमके माझ्या उशाशी घेऊन, पुटपुटले, “सो गए थे, जाग गए। बताना क्या है? लड़की की नौकरी जाएगी।”

“जाएगी तो जाएगी,” वहिनी म्हणाल्या. मग पोरीकडे वळून, हळू आवाजात, “बोलो बेटा। मैं यहीं खड़ी हूँ।”

पोरगी पोस्टमास्तरांच्या खाटेपाशी गेली. “बाबा, दूसरे मरीज़ की सुई मैंने आपको लगा दी। नाम पूछा नहीं, मान लिया। आपकी साँस रुक सकती थी। ग़लती मेरी है। काग़ज़ पर लिख दी है।”

माझे टाके दुखायचे थांबले, असं मी अजूनही सांगतो. घरात कुणी मानत नाही.

वकिलाने केसचा कागद मागून वाचला, पुन्हा वाचला. मग वडिलांना विचारलं, “अब्बा, आपने बताया क्यों नहीं कि यह आपका नाम नहीं?”

“बेटे, डॉक्टर साहिबा इतने यक़ीन से कह रही थीं। टोकना अच्छा नहीं लगा।” पोस्टमास्तरांनी बाही खाली ओढली. “सारी उम्र लोगों के ख़त सही पते पर पहुँचाए, और सुई किसी और की रख ली।”

मुलगा हसला नाही. “दावा नहीं करूँगा,” तो म्हणाला, “मगर अब हर सुई पर मैं यहाँ बैठूँगा।”

“बैठिए,” वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

पोरीची नोकरी राहिली. मी बरा होऊन पुन्हा दिवाणावर पडायला तयार झालो, तर रविवारी तिथे पोस्टमास्तर आधीच टेकलेले. पोरीनेच रिक्षातून आणलं होतं. नवा डॉक्टर कुणाचंही नाव घेऊन ‘आप ही हैं न?’ म्हणाला, की ते इतक्या अदबीने ‘जी’ म्हणत, की मला सगळं माहीत असून ते नाव त्यांचंच वाटे. एकामागून एक सगळे फसले. मग ती पोरगी पुढे झाली, त्यांच्याजवळ वाकली आणि म्हणाली, “बाबा, आपका नाम बताइए।”

त्यांनी सांगितलं. पोह्यांकडे कुणीच बघत नव्हतं.