राजूरची सायकल हसनाबादला गेली

आज सकाळी साडेदहा वाजता मी माझ्या बहिणीला, मंदाला घेऊन राजूरच्या शाळेत बसलो होतो. शहरातल्या एका समाजसेवी क्लबकडून तिला अपंगांची तीनचाकी सायकल मिळणार होती. "कुबड्या फोटोत बऱ्या दिसत न्हाईत," असं क्लबच्या साहेबांनी कालच बजावलं होतं, म्हणून त्या घरीच ठेवल्या.

परदेशातून वर्षभर शिकायला आलेल्या एका मुलीच्या हस्ते सायकल दिली. मंदाने एकटीने मैदानाला चक्कर मारली. फोटो झाले.

मग साहेब म्हणाले, "ताई, उतरा जल्दी. हसनाबादचा कार्यक्रम बाकी आहे."

"आन् माझी सायकल?"

"येईल की मागून. आज एकच आणली."

मंदा दांडा सोडेना. क्लबच्या दोघांनी तिला उचलून खुर्चीत ठेवलं आणि सायकल टेम्पोत चढवली. त्या मुलीने इंग्रजीत काहीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "शी इज टायर्ड." एवढं इंग्रजी मला कळतं.

मी मंदाला पाठीवर घेऊन स्टँडकडे निघालो. त्या मुलीने हसून आमचाही फोटो काढला.

आता घरी आलोय, तर क्लबच्या फेसबुक पेजवर मंदाचं अभिनंदन चालू आहे. ते फोटो बघून शेजारी सायकल बघायला दारात उभे आहेत. मंदा आतून म्हणते, "पंक्चर झाली म्हणून सांग."

तसंच सांगू का?