रुळाला लावलेला कान

भाच्यानं काश्मीरहून व्हिडिओ पाठवला. गुडघाभर बर्फ कापत गाडी येते आहे, दोन्ही बाजूंना पांढरा भुगा उडतो आहे. आणि मला आमच्या सौंदडचं स्टेशन दिसलं, छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या काळातलं.

आमच्याकडे बर्फ कुठला. पण थंडीतलं धुकं इतकं दाट, की समोरच्या शेतातली धानाची बांधीही दिसेनाशी व्हायची. अशाच एका सकाळी बाई, म्हणजे माझी थोरली बहीण, सासरी परत निघाली होती. लाखोरीच्या भाजीचं गाठोडं मांडीवर घेऊन म्हणाली, "कान लाव वं रुळाले. येऊन राहिली का?"

मी थंडगार रुळाला कान लावला. लोखंड गुणगुणत होतं.

"काहीच आवाज नाही," मी म्हणाले.

"मंग बस अजून." तिनं मला शालीत ओढलं. शालीला चुलीच्या धुराचा वास होता. माझा गारठलेला कान ती तळहातानं चोळत राहिली. मग धुकं फाडून इंजिन आलंच.

माझं खोटं तिला कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. परवाच तिचं वर्षश्राद्ध झालं.

मी व्हिडिओचा आवाज बंद केला आणि तो पुन्हा पहिल्यापासून लावला.