वायरमन दगडूचा लेखक

हिलाल झिपरू बागुल यांनी १९८४ ते १९९० या काळात अकरा चित्रकथा लिहिल्या. एकीवरही त्यांचं नाव नाही. पहिल्या पानाच्या तळाशी 'कथा : संपादक विभाग' असं छापलेलं असे. जळगावच्या त्या प्रकाशनात संपादक विभाग नव्हता. रतिलालशेठ हे मालक, एक चित्रकार आणि पुस्तकांना पिना मारायला दोन बायका, एवढाच कारभार होता.

बागुल मूळचे पिंपळनेरचे, राहायला धुळ्यात देवपूरला. पाचव्या गल्लीतल्या एका छापखान्यात ते खिळे जुळवण्याचं काम करत. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दशक्रियेच्या चिठ्ठ्या. दिवसभर लोकांची नावं उलटी लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन राजे-राक्षसांच्या गोष्टी लिहायच्या, असा त्यांचा क्रम होता.

नाव छापण्याबद्दल त्यांनी रतिलालशेठना एकदाच विचारलं.

"राजा-राक्षस कोणीही लिहितं, हिलालभाऊ," शेठ म्हणाले. "स्वतःचा हिरो आणा. पोरांनी दुकानात त्याला नावाने मागितलं पाहिजे. मग कव्हरवर तुमचं नाव टाकतो. चित्रकाराच्या वर."

शेठ हे सहज बोलले असावेत. बागुलांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही नको होतं.

हिरो सापडला तो साक्री तालुक्यातल्या आठवडे बाजारात. पिंपळनेरच्या मोतीलाल नावाच्या दुकानदाराने १९८६ साली व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही घेतला होता. बाजाराच्या दिवशी तो त्या त्या गावात मंडप टाके, चारी बाजूंनी गोणपाट लावून भर दुपारी अंधार करी आणि परदेशी मारामारीचे पिक्चर दाखवी. पिक्चरची भाषा कोणालाच कळत नसे. म्हणून सुट्टीच्या दिवशी बागुल टीव्हीशेजारी माईक घेऊन बसत आणि पडद्यावर काय चाललंय ते अहिराणीत सांगत. भाषा त्यांनाही कळत नव्हती. पहिल्या दोन-तीन पिक्चरनंतर त्यांनी समजून घेण्याचा प्रयत्न सोडला आणि स्वतःची गोष्ट लावायला सुरुवात केली.

पडद्यावर पिवळ्या कपड्यातला एक चिनी तरुण भिंतीवर चढत होता. बागुल म्हणाले, "हाऊ आपला दगडू शे. वायरमन. खांबावर चढाना, त्याले शॉक लागना. तवयपासून तारमा कोन काय बोलस ते त्याले बठ्ठं ऐकू येस."

शॉक लागल्यापासून तारांमधलं सगळं बोलणं ऐकू येणारा वायरमन! मंडप हसला. मग ऐकायला पुढे सरकला. पुढच्या बाजाराला लोक मोतीलालला विचारू लागले, आज दगडूचा पिक्चर आहे का?

पिक्चर दर वेळी वेगळा असे, नटही वेगळा. दगडू तोच राही. एका पिक्चरच्या शेवटी नायक मरतो. पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "ओ माईकवाला, त्याले उठाड! त्यानी माय घर वाट देखी राहिनी!" बागुलांनी सांगितलं की दगडू मेलेला नाही, बेशुद्ध आहे, पुढच्या बाजारी उठेल. तो उठला. अशी गोष्ट तीन वर्षं वाढत गेली.

एकटं बसून बागुलांना ती सुचत नसे. समोर माणसं लागत. म्हणून ते माईकजवळ मोतीलालचा टेपरेकॉर्डर ठेवत, म्हणजे नंतर ऐकून लिहिता येईल. कॅसेट मोतीलालच्या, त्या त्याच्याकडेच राहत. पुढे लोक त्या मागायला लागले आणि मोतीलाल नकला करून देऊ लागला. बागुलांना त्याचा आनंदच झाला. दगडूचं नाव आधी गावोगाव झालं तर पुस्तक हातोहात जाईल, असा त्यांचा हिशोब होता.

या मंडपांची एक रीत होती. माईक धरणाऱ्याने सुरुवातीला सगळ्यांची नावं घ्यायची. मंडपाला जागा देणारे आबा, वीज देणारे नाना, नारळ फोडणाऱ्या अक्का, व्हिडिओवाले मोतीलालभाऊ. स्वतःचं नाव स्वतः घेणं वाईट दिसे. ते शेवटी गावातलं कोणी वडीलधारं माणूस घेई आणि हातात नारळ देई. बागुलांना प्रत्येक गावात नारळ मिळाला, नाव पुकारलं गेलं. पण तोवर टेप बंद झालेली असे. गोष्ट संपली की टेप वाया जायला नको म्हणून ते स्वतःच बटण दाबत.

१९९३ मध्ये त्यांचा आवाज बसला. तंबाखू होतीच. वर्षभर काढे, गुळण्या झाल्या, मग मुंबईच्या एका दवाखान्यात स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्यात भोक राहिलं, त्यावर ते रुमाल बांधत. छापखान्यातल्या रद्द प्रुफांच्या पाठीवर लिहून बोलत. पत्नी शेवंताबाईंना वाचता येत नव्हतं. शेजारची मुलगी शाळेतून आली की दिवसभराच्या चिठ्ठ्या त्यांना वाचून दाखवी. तोवर कित्येक गोष्टींची वेळ निघून गेलेली असे. सकाळी 'भूक नाही' म्हणून लिहिलेलं त्यांना संध्याकाळी कळे.

त्याच काळात त्यांनी दगडूची सगळी गोष्ट चार वह्यांत उतरवली आणि १९९५ च्या हिवाळ्यात एसटीने जळगावला नेली. रतिलालशेठ तेव्हा जळगावातल्याच पिंप्राळ्यात राहायला गेले होते. त्यांनी पहिली वही तिथेच बसून वाचली. मध्ये दोनदा हसले. मग उठून आतून एक कॅसेट घेऊन आले.

"हे तर यातलंच आहे, हिलालभाऊ. जावई चाळीसगावहून घेऊन आला. तिकडे ट्रॅक्टरवर हेच वाजतं."

त्यांनी कॅसेट लावली. बागुलांनी दीड वर्षात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. त्यांनी कागद ओढून लिहिलं, 'हा मी आहे.'

"अहो, मला कळत नाही का? दहा वर्षं ओळखतो मी हा आवाज," शेठ म्हणाले. "पण डबीवर बघा काय छापलंय. 'कथा : मोतीलाल व्हिडिओ.' मी तुमचं नाव टाकलं आणि उद्या तो वकील घेऊन आला, तर? त्याच्याकडून कागद आणा. एक ओळ पुरे."

बागुल पिंपळनेरला गेले. शेवंताबाई सोबत होत्या. मोतीलालने चहा मागवला, गळ्याचा रुमाल पाहून डोळ्यांत पाणीही आणलं. कागदाचं निघालं तेव्हा मात्र तो अडखळला. चाळीसगावच्या दुकानदाराला कॅसेट देताना त्याने गोष्ट आपलीच आहे असं लिहून दिलं होतं.

"आते मी तुम्हनी म्हनू तर मी खोटा पडस, हिलालभाऊ," तो म्हणाला. "टेपमा एक ठिकाने तुम्हनं नाव निंघू द्या. बठ्ठासना समोर कबूल करसू."

"बठ्ठा जिल्हाले माहीत शे कोन बोले ते," शेवंताबाई म्हणाल्या. "तुमलेच इसर पडना का?"

"इसर नही पडना, वहिनी. पन मनी सही व्हई गयी ना."

एकोणतीस कॅसेट होत्या. दोन दिवस मोतीलालच्या दुकानामागच्या खोलीत बसून तिघांनी त्या ऐकल्या. आबा होते, नाना होते, अक्का होत्या. एका गावात तर टीव्ही उचलून आणणाऱ्या दोघांचीही नावं होती. मोतीलालभाऊ एकोणतीस वेळा. शेवटी गोष्ट संपे, टाळ्या सुरू होत आणि खट् आवाज येई. शेवटची कॅसेट संपल्यावर मोतीलालने मान खाली घातली. त्याने चहा पुन्हा मागवला, तो कोणी प्यायलं नाही.

रतिलालशेठनी मार्ग काढला. भांडण नको म्हणून मोतीलालचंही नाव टाकायचं नाही आणि बागुलांचंही नाही. 'खान्देशातील लोककथेवरून' एवढंच लिहायचं. नाही तर वह्या परत न्याव्यात. त्यांनी तसं पत्र पाठवलं, सोबत चित्रकाराने काढलेली पहिली काही पानं.

पत्र आल्यावर नवव्या दिवशी बागुलांनी एका प्रुफाच्या पाठीवर लिहिलं, 'छापा.' खाली आणखी एक ओळ होती : 'पान चारवर खांबाला तीन तारा दाखवल्या आहेत, पाच हव्यात.' शेवंताबाईंना त्या चिठ्ठीत काय होतं ते संध्याकाळी शेजारच्या मुलीकडून कळलं. घरी राहिली होती ती नक्कल, मूळ चिठ्ठी दुपारीच टपालात पडली होती.

'वायरमन दगडू' १९९६ च्या दिवाळीत निघालं. तारा पाच होत्या. बागुलांनी ते अखेरपर्यंत वाचलं आणि दोन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. कव्हरकडे ते फार वेळ पाहत बसले नाहीत, असं शेजारच्या मुलीला आठवतं. १९९७ च्या मार्चमध्ये ते गेले. छापखान्यातल्या सोबत्यांनी दशक्रियेची चिठ्ठी फुकट छापली. ती बागुलांच्या नावाने त्या वर्षी छापलेली एकमेव गोष्ट.

पुढच्या वर्षी शेवंताबाई धुळ्याच्या एसटी स्टँडवर पिंपळनेरच्या गाडीची वाट पाहत होत्या. पुस्तकांच्या गाड्यावर दगडूच्या सात-आठ प्रती टांगलेल्या दिसल्या. अक्षरं वाचता येत नसली तरी खांबावरचा माणूस त्यांना ओळखू आला. त्यांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "कोनी लिखेल शे रे, भाऊ, हाई?"

"कोनी लिखेल नही, मावशी," गाडेवाला म्हणाला. "जुनी गोष्ट शे. मना आजा सांगे आम्हले, आम्ही धाकला व्हतूत तवय."

"तुना आजाना वखतले वीज व्हती का रे गावले?"

तो हसला.

"गोष्टमा बठ्ठं चालस, मावशी. देऊ का एक?"