पाणी कुठं पळून जायलंय?

आमचं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला. आमच्या ताडकळस भागात एवढं सांगितलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, नुसती मान हलवतो. वरच्या गावांची रानं भिजून काही उरलं तर ते आमचं. त्यामुळं बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाण्याच्या कुठल्याही वायद्यावर भरवसा नाही. "उद्या सुटंल, परवा सुटंल" ऐकण्यातच त्यांची हयात गेली.

मायचं दुखणं निराळं. तिच्या माहेरी नदीला होडी होती, पण पोरींना तीत बसायची बंदी. हट्ट केला की घरचे म्हणायचे, "लगीन झाल्यावर बस, नवऱ्यासंगं." आणि दिली कुठं, तर टेलला! घरात भांडण पेटलं की माय हे हमखास बाहेर काढायची. "होडीचं जाऊ द्या, हितं कागदाची नाव सोडायला पाणी न्हाई."

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी दोघांना समुद्राकाठच्या एका लहानशा गावी घेऊन गेले. पलीकडं समुद्र, मध्ये वाळूची पट्टी आणि अलीकडं खाऱ्या पाण्याचं शांत तळं. तिथले लोक त्याला नुसतं खाडी म्हणतात. काठावरच्याच एका घरात खोली घेतली होती; पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी खिडकी उघडली तर पाणी थेट घराच्या पायऱ्यांना टेकलेलं आणि काठाला एक निळी होडी. माय नवं लुगडं नेसून कधीची तयार.

"चला," ती म्हणाली.

बापू खाटेवर मांडी घालून दशम्यांचं फडकं सोडत होते. "आधी खाऊ तर दे. पाणी कुठं पळून जायलंय?"

मग चहा झाला, दाढी झाली. मग घरमालकाशी नारळाच्या झाडाला पाणी किती लागतं यावर सविस्तर चर्चा झाली. बापूंना घाई कसली ती माहीतच नाही. शेवटी आम्ही काठावर आलो, तर पाणी पळून गेलेलं. नुसता चिखल, त्यात खेकडे, आणि होडी कुशीवर पडलेली.

बापूंचा चेहरा उतरला. होडीवाल्याला म्हणाले, "सोडलं का काय, भाऊ? कोण्या गावाला सोडलं?"

"कुणी सोडलं नाही. ओहोटी आहे. दुपारनंतर येईल परत."

"माघारी?" बापूंनी कालव्यावरच्या माणसाकडं बघतात तसं त्याच्याकडं बघितलं. "गेलेलं पाणी माघारी येत असतंय का कुठं?"

भरती-ओहोटी मला शाळेपासून पाठ, पण तो चिखल बघून माझीही खात्री डळमळली. संध्याकाळी आमची परतीची गाडी होती.

माय भांडली असती तर बरं झालं असतं. ती खोलीत गेली, नवं लुगडं सोडलं, घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवून दिलं. बापू दारातून बघत होते. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

ते जेवले नाहीत. काठावर जाऊन बसले.

दुपार कलली आणि हाक आली, "आलं! आलं गं, आलं!" शेतात पाणी पोचल्यावर ते देतात, तीच हाक. मी धावत गेले. खाडीच्या तोंडाकडून पाण्याची पातळ धार चिखलातून सरकत येत होती, आणि तिच्या पुढं बापू, धोतर खोचून, गुडघाभर चिखलात. हातात फावडं नव्हतं म्हणून हातापायांनीच शेवाळ आणि काटक्या बाजूला सारून पाण्याला वाट करून देत होते. रानात पाण्याची दारं धरायची सवय, ती काय जाते!

होडीवाला हसून हसून बेजार. "आजोबा, ते आपोआप येतं!"

"येऊ दे की. पर वाट मोकळी पायजे."

मी मागं बघितलं. माय पायरीवर उभी होती, पुन्हा नवं लुगडं नेसून.

होडी तरंगली तेव्हा बापूंनी चिखलानं माखलेला हात पुढं केला. चारचौघांत त्यांनी मायचा हात धरलेला मी कधी बघितला नव्हता. ती आधी दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून बसली. मग एक हात सोडला आणि हळूच पाण्यात घातला. एखाद्या पोरीसारखी हसली. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

बापूंनी होडीवाल्याला विचारलं, "रोज येतं?"

"रोज. दिवसातून दोनदा."

"कुणाला न मागता?"

"कुणाला मागायचं?"

बापू मायकडं वळले. म्हणाले, "उद्या सकाळी बी बसू."

"बापू, आज संध्याकाळची गाडी हाय," मी म्हणाले.

"गाडी कुठं पळून जायलीय?"

मायनं पाण्यातला हात काढलाच नाही. "पळाली तर पळू द्या," ती म्हणाली.