मैदानावर मारलेलं पाणी

आमच्या वसाहतीत अगदी अलीकडपर्यंत त्या माणसाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "त्यानं मैदान भिजवलं अन् आमची लेकरं कोरडी ठेवली." टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. ते ऐकलं की मी कपात बघत बसायचो. मैदान त्यानं भिजवलं नव्हतं. मी भिजवलं होतं. हे मी बायकोलाही परवापर्यंत सांगितलेलं नव्हतं.

हर्सूलच्या पुढं, फुलंब्री रोडच्या कडेला, शेतं मोडून गुंठेवारीचे प्लॉट पडले. त्यातला एक मी घेतला. विकणारा तोच. सगळे त्याला मालक म्हणायचे. आधी जमिनीचा म्हणून, मग कबड्डी संघाचा म्हणून. सौदा करताना त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "वर्षाच्या आत नळ येतो. माझी जबान हाय." नळ काही आला नाही. पण त्याबद्दल कुणी फार बोलत नव्हतं, कारण संघ आला होता आणि संघ जिंकत होता.

वसाहतीतलीच पोरं त्यानं उचलली. कुणी वाळूजला कंपनीत कंत्राटावर, कुणी शहागंजात कपड्याच्या दुकानात. त्यांना बूट दिले, सकाळी दूध-अंडी सुरू केली. एका चढाईपटूचा गुडघा मोडला, तर त्याचं ऑपरेशन केलंच, वर त्याच्या आईला आपल्या ऑफिसात कामाला ठेवलं. सामन्याला तो पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून चटईवर लोकांत बसायचा. लोक त्याची खेचायचे.

"मालक, पोरांना अंडी, अन् आम्हाला नुसती टरफलं व्हय?"

"तू एक चढाई टाकून दाखव," तो म्हणायचा, "अख्खी कोंबडी देतो."

मी त्या संघाचा माईकवाला. तसा मी कमी बोलणारा माणूस. कंपनीत स्टोअरला होतो, तिथंही दिवसाकाठी चार शब्द बोलायचो. पण माईक हातात आला की मला वाचा फुटायची. आपल्याकडं माईकवाल्याचं खरं काम खेळाबद्दल बोलणं हे नसतंच. कुणी काय दिलं ते सांगणं हे काम. हार कुणाचे, मंडप कुणाचा, पोह्यांचं सौजन्य कुणाचं. एक नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून जातो. त्या धाकानं मला सवयच लागली होती. मैदानात नवीन वस्तू दिसली की तोंडातून देणाऱ्याचं नाव आपोआप निघायचं.

मग लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले. विहिरी तळाला गेल्या. शहरात पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं म्हणे. आम्हाला तर शहर म्हणून धरतच नव्हते. गल्लीत दारापुढं निळे ड्रम उभे राहिले. टँकर आला की बायकांची पाइपावर झोंबाझोंबी व्हायची. तेव्हा मालकानं फुलंब्रीजवळच्या आपल्या विहिरीवर टँकर लावले आणि फुकट पाणी सुरू केलं. दिवसाआड का होईना, ड्रम भरायचे. वसाहतीच्या तोंडाशी त्याचा मोठा फ्लेक्स लागला. म्हाताऱ्या बाया गाडी थांबवून त्याच्या तोंडावरून हात फिरवायच्या. मी स्वतः माईकवरून त्याला जलदाता म्हटलं होतं. तो नंतर मला म्हणाला, "असलं बोलू नको रं. लोक ड्रमकडं बघतात, मग नळाचं आठवतं त्यांना."

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडं स्पर्धा होती. आधीच ठरलेली, मोडता येईना. जिल्ह्याच्या निवडीसाठी दोन माणसं बघायला येणार होती. आता कबड्डीची माती म्हणजे चाळलेली, पाणी मारून चोपलेली लागते. त्याशिवाय पडणाऱ्याची सालटी निघतात. पण मालकानं स्पर्धेच्या आधीच मला आणि पोरांना समोर उभं करून बजावलं होतं.

"मैदानावर थेंब मारायचा नाय. कोरड्यात खेळा. लोकांच्या पोटावर खेळायचं नाय आपल्याला."

फायनलच्या सकाळी तो अजिंठ्याकडं कुठल्या लग्नाला गेला. संध्याकाळी बक्षिसाला येतो म्हणाला. इकडं आदल्या दिवशीच्या सामन्यात आमच्या एका पोराचा खांदा मातीवर आपटून उतरला होता. पाहुण्या संघाचा मॅनेजर मैदानात आला, टाच आपटून बघितली आणि मला म्हणाला, "हे मैदान हाय का फरशी? आमची पोरं उतरणार नाय. तुमचं तुम्ही खेळा."

फायनल झाली नाही तर लोक काय म्हणतील, निवडवाले रिकामे परत जातील, मालक आल्यावर काय तोंड दाखवू. मला भांडण जमत नाही. समोरचा आवाज चढवायला लागला की मी काहीही कबूल करतो. तेवढ्यात टँकर वसाहतीत शिरताना दिसला. मी धावत जाऊन आडवा झालो.

"आधी मैदानावर मार."

ड्रायव्हर शहागंजाकडचा, मोकळा माणूस. त्यानं गल्लीकडं बघितलं. "दादा, औरतां सुबह से ड्रमां लगाके बैठे हैं. मेरेकू गालियां पडेंगे."

"मालकांनी सांगितलंय," मी म्हणालो.

खोटं म्हणून मला ते त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही. मालकाच्या नावानंच मी सगळी कामं करत होतो, हेही तसंच एक. "गल्लीला दुपारची खेप येतेच की," असंही मी त्याला म्हणालो. त्यानं खांदे उडवले आणि गाडी वळवली. त्या रांगेत आमचाही ड्रम होता. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं टँकर पुढून वळून येतोय.

दुपारची खेप आलीच नाही. विहिरीवरची लाइट गेली ती गेलीच, आणि संध्याकाळी टँकर रिकामाच परतून मैदानाच्या कडेला लागला.

संध्याकाळी मैदान मात्र देखणं दिसत होतं. काळसर, घट्ट माती, त्यावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. पाहुण्यांचा मॅनेजर माझ्या पाठीवर थाप मारून गेला. गर्दी दाटली होती. पुरुष पुढं, पोरं भिंतींवर, आणि मागं बायका. बायका सहसा यायच्या नाहीत. त्या दिवशी पुष्कळ आल्या होत्या, आणि काहींच्या काखेत रिकाम्या कळश्या होत्या. त्या विचारायला आल्या होत्या की टँकर कुठं गेला. ते मला दिसलं, पण माझं लक्ष माईकवर होतं.

मालक तेवढ्यात येऊन स्टेजवर बसला. मी सवयीनं सुरुवात केली. मंडप, हार, नाश्ता. आणि मग मैदानाकडं नजर गेली.

"अन् एवढ्या टंचाईतसुद्धा, खेळाडूंच्या काळजीपोटी, मैदानावर मारायला पाण्याचा अख्खा टँकर देणारे आपले लाडके मालक! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

पुढच्या दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांचे हात थांबले. स्पीकरची नुसती घरघर ऐकू येत होती. मागून एक बाई ओरडली, "काय म्हणला रं? कोणता टँकर? परत म्हण!"

मी परत म्हटलं नाही.

"आमचा टँकर मातीला पाजला का?"

"नळाचं खाल्लं, आता टँकरचंबी खाल्लं!"

"मालक, खाली उतरा! अंडी पचली का?"

हे म्हणणारे तेच, त्याच्यासोबत चटईवर बसणारे. मालकानं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. समोरच्या गच्चीवर माझी पोरगी उभी होती, खाली दारात बायको, बाजूला आमचा कोरडा ड्रम. आता हा माणूस दोन शब्द बोलणार, 'मी नाय सांगितलं', आणि ही सगळी गर्दी वळून त्या दाराकडं जाणार. मला तेवढंच दिसत होतं. मी त्याच्याकडं बघून मान हलवली. नको, अशी. कुणाला दिसली नसेल, त्याला दिसली.

तो उठला, माझ्या हातातून माईक घेतला.

"टँकर माझाय. सांगितलं बी मीच. ज्याला बोलायचं त्यानं मला बोला."

पहिली चप्पल त्याच्या खांद्याला लागली. मग दगड आले. ते बहुतेक टँकरवर पडले. कडेला उभ्या टँकरची काच फुटली आणि आत बसलेल्या ड्रायव्हरच्या भुवईला खोक पडली. पोरांनी मालकाला मध्ये घेऊन गाडीपर्यंत नेलं. मी स्टेजच्या मागं, मंडपाच्या कापडाआड उकिडवा बसून होतो. फ्लेक्स फाडल्याचा आवाज मला तिथं ऐकू आला.

त्यानंतरची भीती मला नीट सांगता येणार नाही. दार वाजलं की मी मागच्या खोलीत जायचो. ड्रायव्हर काय बोलेल, एवढाच विचार. त्याला टाके पडल्याचं कळलं. मी भेटायला गेलो नाही. तो पुन्हा आमच्याकडं गाडी घेऊन आला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. टपरीवर लोक विचारायचे, "तुला तर म्हाईत असंल, तू तर त्याच्या कायम बाजूला." मी मान हलवायचो, हो की नाही ते कळू नये अशी. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही माईकवर बोलायलाच नको होतं." मी म्हणालो, "हो." ती समजली की विषय संपला.

मालक संघ सोडून गेला. दुसऱ्याच्या नावानं टँकर मात्र पाऊस पडेपर्यंत येत राहिले. लोकांना माहीत होतं ते कुणाचे. पाणी घ्यायचे आणि शिव्या द्यायचे. "पाप धुतोय," म्हणायचे. मग एकेक जुनी गोष्ट उलटी वाचायला लागले. दूध-अंडी प्लॉट खपावेत म्हणून. गुडघ्याचं ऑपरेशन बोभाटा होऊ नये म्हणून. ज्याचा गुडघा, तोसुद्धा गप्प राहायला लागला. आणि यातलं सगळंच खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. प्लॉट त्यानं विकलेच होते, नळाची थाप मारलीच होती. पण लोकांनी त्याला फेकून दिलं ते नळासाठी नाही. माझ्या त्या एका वाक्यासाठी. ते वाक्य मी कधीही मागं घेऊ शकत होतो, आणि रोज सकाळी उठून मी ते घेत नव्हतो.

आता शहर आमच्याही पुढं गेलं. रस्ता रुंद झाला, नळही आला. पोरांनी पुन्हा संघ काढला, आता मॅटवर खेळतात. परवा उद्घाटनाच्या सामन्यासाठी बैठक झाली. एक जण म्हणाला, जुन्या मालकांना बोलवू. दुसरा लगेच, "कशाला? पाणी मारायला?" सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता मला माझीच इतकी भीती वाटली की मी उभा राहिलो.

काय बोललो ते सलग आठवत नाही. टँकर मी वळवला, त्याचं नाव मी घेतलं, त्यानं नको म्हणून बजावलेलं होतं, एवढं बोललो. मला वाटलं आता उठतील, कॉलर धरतील. कुणी उठलं नाही. त्या दिवशी ओरडलेली बाई आता म्हातारी झालीय, ती म्हणाली, "मग तवाच का नाय बोललास?" मी म्हणालो, "तुम्हाला भ्यालो." ती म्हणाली, "आम्हाला?" आणि तिनं आजूबाजूला बघितलं, आणखी कुणी आहे का ते. मागून कुणीतरी बोललं, "अन् नळाचं?" त्यावर बराच वेळ वाद चालला. शेवटी ठरलं, बोलवायचं. आणि निरोप द्यायला मलाच पाठवलं.

तो फुलंब्रीला राहतो. बारीक झालाय. मी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "तू मान हलवलीस म्हणून मी बोललो असं वाटतं का तुला? मी बी भ्यालो होतो. तुझं नाव घेतलं असतं तर माणसावर ढकलतोय म्हणून अजून चिडले असते."

"मालक, आता लोकांना कळलंय. या तुम्ही."

"मी तिकडून जात नाय आता. शहरात जायचं तर सावंगीवरून बायपासनं वळसा घालतो. माझा ड्रायव्हर विचारतो, इतकं लांबून का? मी झोपल्याचं सोंग करतो."

मी म्हणालो, "मी येतो ना न्यायला. तुमच्या शेजारी बसतो गाडीत."

तो हसला. टोमणा नव्हता तो, खरंच हसला.

"त्या दिवशी बी तू शेजारीच होतास की रं," तो म्हणाला.

सामना रविवारी आहे. त्यानं हो म्हटलेलं नाही. मी गाडी सांगून ठेवलीय.